साथीच्या दिवसांचें टिपण शेतकऱ्यानेंच ठेविलें पाहिजे

दुष्काळ आला म्हणजे त्याची खूण जमिनीवर राहते. विहिरी खोल जातात, झाडें वाळतात, दावणीचीं जनावरें कमी होतात, आणि पुढें पंचवीस वर्षें लोक त्या सालावरून मुलांचीं वयें मोजतात. साथीचें तसें नाहीं. साथ माणसें नेते व शेत जसेंच्या तसें ठेविते. पुढच्या पावसाळ्यांत पेरा होतो, पीक येतें, बाजार भरतो, आणि जें घडलें तें केवळ आठवणींत उरतें. इ. स. २०२० च्या कोविड महामारीस आतां पांच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या मालाचें, वाहतुकीचें व बाजारांत राबणाऱ्या माणसांचें काय झालें याची लेखी हकीकत आपल्या गांवोगांवीं शोधूं गेल्यास क्वचितच हातीं लागेल. ती आतां लिहून ठेविली पाहिजे, व ती शेतकऱ्यांनींच लिहिली पाहिजे, एवढेंच आजच्या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे.

उदाहरणासाठीं नवी मुंबईचा बाजार घेऊं. प्रस्तुत लेखक जुन्नर तालुक्यांतला असून त्याचा भाजीपाला याच बाजारांत जातो. वाचकांपैकीं पुष्कळांचा माल तेथें कधीं ना कधीं गेला असेल. १९७० सालीं सिडको मंडळ स्थापन झालें, आणि ठाणें व त्या वेळचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड या जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेऊन खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याचें ठरलें. जेथें खाजणाची भातशेती व मिठागरें होतीं तेथें रस्ते, वसाहती व कचेऱ्या आल्या. पुढें मुंबईंतील गर्दी कमी करण्याकरितां घाऊक बाजारहि एकामागून एक तिकडे हलविण्यांत आले. आज मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळें, मसाले व धान्य असे पांच बाजार वाशी-तुर्भे येथें शेजारीशेजारीं आहेत. मुंबई व तिच्या उपनगरांच्या ताटांत जें पडतें त्याचा मोठा भाग या पांच दारांतून जातो.

या बाजाराचें काम कसें चालतें हें शहरांतील माणसास सहसा ठाऊक नसतें. भाजीपाल्याच्या गाड्या संध्याकाळीं गांवांतून निघतात व मध्यरात्रीनंतर बाजारांत शिरतात. हमाल माल उतरवितात, गाळ्यावर ढीग लागतो, आणि किरकोळ व्यापारी पहाटेपूर्वीं येऊन, माल हातीं घेऊन, भाव करून, तो उचलतात. सूर्य वर येतांना भाजीचा बाजार जवळजवळ उरकलेला असतो. म्हणजे हजारों माणसें तीन-चार तासांत, एकमेकांस खेटून, मोठ्यानें बोलत, एकाच छपराखालीं काम करतात. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगास याहून सोईची जागा कोणती? कोविडच्या आरंभीं खोकीं, गाड्या व जमीन यांवर औषध फवारण्यावर फार भर होता. पुढें हें स्पष्ट झालें कीं, वस्तूंवरून होणाऱ्या संसर्गापेक्षां कोंदट जागेंतील हवेंतून होणारा संसर्ग कितीतरी अधिक होता. पण आमच्या भागांतील एका टेम्पोचालकानें हें त्याच वेळीं आपल्या शब्दांत सांगितलें होतें. त्याचें म्हणणें असें कीं, गाडीवर फवारा मारतात तेवढा वेळ आम्ही पन्नास जण फाटकाशीं एकमेकांच्या खांद्याशीं खांदा लावून उभे असतों, त्याचें काय? हें त्याचें बोलणें कोणत्याहि कागदावर आलें नाहीं.

घटनांचा क्रम थोडक्यांत देतों. महाराष्ट्रांत पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजीं पुण्यास आढळले. १३ मार्चपासून राज्यांत १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, २२ मार्चला जनता संचारबंदी झाली, आणि २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. शेतमालास बंदीतून सूट होती. परंतु कागदावरची सूट आणि नाक्यावरची सूट यांत अंतर पडतें, हें त्या दिवसांत गाडी घेऊन गेलेला प्रत्येक जण जाणतो. मार्च-एप्रिलमध्यें बाजाराची उघडझाप चालू होती. बाजारांतील व्यापारी व कामगार यांच्यांत रुग्ण वाढूं लागले, आणि शेवटीं ११ मेपासून १७ मेपर्यंत पांचहि बाजार बंद ठेवण्यांत आले. त्या आठवड्यांत बाजाराची सफाई व माणसांची तपासणी झाली. त्यानंतर निर्बंधांसह व्यवहार पुन्हां सुरू करण्यांत आले.

हा निर्णय चुकीचा होता असें आमचें म्हणणें नाहीं. माणसाच्या जिवापुढें मेथीच्या जुडीची किंमत कांहींच नाहीं, आणि हमाल आजारी पडत असतां बाजार चालवा असें म्हणणें हें शेतकऱ्यासहि शोभणारें नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. पांच बाजार एकाच दिवशीं बंद झाले आणि एकाच हिशोबानें बंद झाले. परंतु पांचहि बाजारांतील मालाचें आयुष्य एक नाहीं. धान्य व मसाला महिनाभर थांबतो. उन्हाळी कांदा नीट वाळवून चाळींत घातला तर चार महिने थांबतो. हापूस आंबा अढींत फार तर आठ-दहा दिवस थांबतो. टोमॅटोचा तोडा मे महिन्याच्या उन्हांत दोन-तीन दिवसांपलीकडे लांबवितां येत नाहीं. मेथी-कोथिंबिरीस तर थांबणें ठाऊकच नाहीं. पेरल्यापासून महिन्याभरांत ती उपटावी लागते, आणि चार-पांच दिवस चुकले कीं मेथी राठ होते व कोथिंबीर फुलावर येते. ज्याची मेथी १० मेला काढणीस आली होती त्याच्या दृष्टीनें बाजार सात दिवस बंद नव्हता, तर त्या पिकापुरता कायमचा बंद होता. आमच्या शेजारच्या एका बागाईतदारानें पंधरा गुंठे मेथींत मेंढ्या घातल्या आणि उरलेल्यावर नांगर फिरविला. त्याचा भाऊ चाळींत कांदा भरून स्वस्थ बसला होता. एकाच घरांत, एकाच आज्ञेचे हे दोन परिणाम झाले. आज्ञा काढणाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशीं बाजारांतील रुग्णांचे आकडे होते, तें योग्यच होतें. पण शेतांत काय उभें आहे व तें किती दिवस उभें राहूं शकेल, याचा तक्ता शेतकऱ्यांनीं तरी कोठें तयार ठेविला होता?

आतां आघाडीवर कोण होतें याचा विचार करूं. महामारीची आघाडी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम रुग्णालय उभें राहतें, आणि तें रास्त आहे. या बाजारापासून फार दूर नसलेलें वाशीचें सिडको प्रदर्शन केंद्र, जेथें एरव्हीं मालाचीं प्रदर्शनें भरत, त्याचें हजाराहून अधिक खाटांचें उपचारकेंद्र झालें. सर्वांग झांकणारा पोशाख चढवून, सहा-सहा तास पाणीहि न पितां तेथें व अशा प्रत्येक ठिकाणीं ज्या परिचारिका व डॉक्टर राबले त्यांचें ऋण फिटणारें नाहीं. गांवोगांवीं घरें फिरून ताप व प्राणवायूचें प्रमाण तपासणाऱ्या आशा सेविकांचेंहि तेंच. परंतु ज्या रात्रीं शहर दारें लावून निजलें होतें त्या रात्रीं पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणारा माथाडी, गाडी हाकणारा चालक, तोलाईवाला, बाजारांतला कचरा उचलणारा सफाई कामगार, आणि पहाटे चार वाजतां जुड्या बांधणाऱ्या शेतावरच्या बायका हीं सर्व माणसेंहि आघाडीवरच होतीं. माथाडी बहुतेक सातारा, सांगली, पुणें या जिल्ह्यांतल्या शेतकरी घरांतले. १९६९ च्या माथाडी कायद्यानें त्यांस कामाची व मजुरीची कांहीं शाश्वती दिली. परंतु राहणें तुर्भे, कोपरखैरणें, घणसोली येथल्या लहान घरांत, जेथें घरांतील एकास ताप आला तर दुसऱ्यानें निजावें कोठें हा प्रश्न. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारनें ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना जाहीर केली ती आरोग्यसेवेंतील कर्मचाऱ्यांकरितां होती. गोणी उचलणारा त्या व्याख्येंत बसत नव्हता. घरच्या माणसांनीं त्यास गांवीं बोलाविलें, आणि गांवच्या वेशीवर मात्र कांट्या पडल्या होत्या. ज्या गांवाचा माल तो उतरवीत होता त्याच गांवानें त्यास चौदा दिवस शाळेंत ठेविलें. गांवाचेंहि सर्वस्वीं चुकलें असें म्हणवत नाहीं. पण हे प्रसंग ज्याच्यावर गुदरले त्याच्या तोंडून ते आले पाहिजेत.

यावर एक आक्षेप येईल तो असा कीं, सरकारी दप्तरांत सर्व नोंद आहेच, मग आपण निराळी कशास करावी? सरकारी नोंद आहे हें खरें. त्या नोंदीप्रमाणें महाराष्ट्रांत या रोगानें सुमारें १ लाख ४८ हजार माणसें दगावलीं. पण दप्तर काय राखतें व काय गाळतें हें पाहावयाचें असेल तर मागच्या मोठ्या साथीकडे वळावें. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांस प्लेगचा रोगी आढळला. मांडवी म्हणजे गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. उंदीर व धान्य जेथें एकत्र, तेथें प्लेगनें पाय रोविला. धान्याचा जो घाऊक व्यापार त्या मांडवी-मशीदबंदरच्या गल्ल्यांत चाले तोच पुढें खाडीपलीकडे वाशीस आला, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. म्हणजे सव्वाशें वर्षांच्या अंतरानें दोन निराळ्या साथी एकाच व्यापारावर येऊन आदळल्या. पहिल्या साथीच्या वेळीं ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं कायदा झाला, आणि तोच कायदा १२३ वर्षांनीं आपणांवर लागू झाला. कायदा टिकला, कारण तो लिहिलेला होता. डॉक्टरांचे व अधिकाऱ्यांचे अहवालहि टिकले. परंतु त्या सालीं मांडवीस धान्याच्या गाड्या घेऊन गेलेल्या आपल्या खापरपणज्यांनीं काय केलें, माल कोणी घेतला, भाव कोणी पाडला, परत येतांना कोणत्या गांवानें त्यांस आंत घेतलें नाहीं, हें विचारूं गेल्यास उत्तर देणारा कागद कोठें आहे?

लिहून ठेवण्याचें महत्त्व काय हें सावित्रीबाई फुले यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होतें. १८७७ च्या दुष्काळांत त्या आमच्याच जुन्नर तालुक्यांत ओतूर येथें काम करीत होत्या, आणि तेथून त्यांनीं जोतीरावांस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. त्या एका पत्रामुळें त्या सालचे ओतूरकडचे हाल आपणांस आजहि प्रत्यक्ष पाहिल्यासारखे कळतात. पुढें वीस वर्षांनीं पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस माळावर उघडलेल्या दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां त्यांस स्वतःस प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्या शेवटच्या दिवसांची हकीकत आपण इतरांच्या सांगण्यावरून जाणतों. दुष्काळाची साक्ष पाहणाऱ्याच्या हातची आहे. प्लेगची तशी नाहीं. दोहोंतला फरक जाणत्यांस सांगावयास नको.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. झालें तें झालें, टिपण ठेवून पदरांत काय पडणार? याचें उत्तर आम्ही एका प्रश्नानेंच देतों. त्या दिवसांत सर्वत्र बोललें जाई कीं, शेतकऱ्यानें माल थेट ग्राहकास विकावा. फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून राज्यानें २०१६ सालींच मोकळा केला होता, तेव्हां कायद्याची आडकाठी नव्हती. पुष्कळांनीं प्रयत्नहि केले. कोंकणांतील बागाईतदारांनीं आंब्याच्या पेट्या शहरांतल्या गृहसंस्थांच्या दारीं पोंचविल्या. देशावरील गटांनीं भाजीच्या पिशव्या बांधून नेल्या. मग त्यांतले किती प्रयत्न टिकले? बाजार उघडतांच बहुतेक लोक पुन्हां जुन्याच वाटेनें कां गेले? आमच्या पाहण्यांत जें आलें तें असें. ज्यांची शहरांत आधींपासून ओळख होती, ज्यांनीं दहा-पंधरा शेतांचा माल एकत्र करून निरनिराळ्या भाज्यांची एक पिशवी बांधली, त्यांचें बरें चाललें. ज्यानें एकट्यानें टेम्पोभर मेथी नेली त्यास दुपारपर्यंत ती निम्मीहि विकतां आली नाहीं. कारण हजार घरांस एका दिवशीं एकच भाजी नको असते. ठोक बाजाराचा अडत्या अडत घेतो खरा, पण तो एका तासांत सर्व माल उचलतो, व तो तास नाशवंत मालास फार मोलाचा असतो. हें आमच्या चार-सहा गांवांपुरतें झालें. नाशिककडे, साताऱ्याकडे, कोंकणांत काय अनुभव आले? ते सर्व एका ठिकाणीं वाचावयास मिळाले तर पुढच्या वेळीं कोणत्या पिकासाठीं कोणती वाट धरावी हें आधींच ठरवितां येईल. नाहीं तर तोच खर्च व तोच तोटा आपण पुन्हां नव्यानें सोसूं.

हें टिपण कसें ठेवावें याविषयीं चार सूचना करतों. पहिली गोष्ट, आठवणीवर विसंबूं नये, कागद शोधावा. २०२० व २०२१ सालच्या पट्ट्या, वाहतुकीच्या पावत्या, प्रवासाचे परवाने, बँकेचीं पुस्तकें, मोबाईलमधील संदेश व छायाचित्रें यांवर तारखा असतात. पट्टीवर मालाचे डाग, वजन, भाव, हमाली, तोलाई व अडत सर्व असतें. चांगली पट्टी हें त्या दिवसाचें अर्धें टिपणच होय. दुसरी गोष्ट, प्रत्येक पिकास एक पान द्यावें व त्यावर पेरणी, काढणीची योग्य तारीख, प्रत्यक्ष काढणी, माल कोठें गेला, काय भाव मिळाला अथवा कां टाकून द्यावा लागला, एवढें लिहावें. नफा झाला असेल तर तोहि लिहावा. त्या दिवसांत कांहींजणांस चांगला भाव मिळाला; तो लपविला तर पुस्तक खोटें होईल.

तिसरी गोष्ट माणसांविषयीं आहे. आपल्या गांवचा जो माणूस वाशीस गाड्या नेत होता, जो तेथें माथाडी होता, जी मुलगी रुग्णालयांत परिचारिका होती, जी आशा सेविका घरोघर फिरली, जी मजूर स्त्री दुसऱ्याच्या शेतांत जुड्या बांधीत होती, त्या प्रत्येकास बसवून विचारावें व त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावें. बांधाच्या आंत राहणाऱ्यानें बांधाबाहेर राबणाऱ्याची बाजू सोडून दिली तर टिपण एकतर्फी होईल. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या लाटेनें खेड्यांत शिरून घरेंच्या घरें आजारी पाडलीं. प्राणवायूच्या एका खाटेसाठीं लोकांनीं तालुक्याहून जिल्ह्यास धांव घेतली. तें ज्यांनीं सोसलें त्यांस लिहिण्याचा आग्रह मात्र करूं नये. सांगतील तेवढेंच घ्यावें, आणि आजाऱ्याचें वा मृताचें नांव घरच्यांच्या संमतीवांचून घालूं नये. चौथी गोष्ट, टिपणाच्या दोन प्रति कराव्या. एक सोसायटीच्या दप्तरांत राहावी, आणि दुसरी तालुक्याच्या ग्रंथालयांत किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठासारख्या संस्थेकडे द्यावी, म्हणजे दप्तर भिजलें वा चिटणीस बदलला तरी ती नाहींशी होणार नाहीं.

साथ पुन्हां येईल कीं नाहीं याचें भाकित आम्ही करीत नाहीं. पण १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा आणि २०२० चा कोविड या तिन्ही साथी मुंबईच्या बंदरांतून वा बाजारांतून आपल्या गांवापर्यंत आल्या हें ज्यानें पाहिलें आहे तो निश्चिंत बसणार नाहीं. पुढें केव्हां बाजार बंद करण्याची वेळ आली आणि अधिकाऱ्यांनीं शेतकऱ्यांच्या प्रतिनिधीस बोलाविलें, तर त्यानें तेथें जाऊन काय सांगावें? नुकसान फार होतें असें मोघम सांगणारे पुष्कळ असतात व त्यांचें कोणी ऐकत नाहीं. कांदा व धान्य पंधरा दिवस थांबवा, पालेभाजीस शहरालगत मोकळ्या मैदानांत उतरूं द्या, हमालांच्या टोळ्या पाळीपाळीनें घ्या व त्यांचा विमा आधीं उतरवा, फाटकाशीं गर्दी होऊं देऊं नका, असें जो तारीखवार दाखल्यांसह सांगूं शकेल त्याचें ऐकावें लागतें. तो दाखला आज आपल्या घरांतील कपाटांत, जुन्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यांत व म्हाताऱ्या चालकाच्या स्मरणांत पडून आहे. येत्या उन्हाळ्यांत कामें हलकीं झालीं म्हणजे प्रत्येक सोसायटीनें एक कोरी वही विकत घ्यावी, गांवांतील सुवाच्य अक्षराच्या दोघांवर तें काम सोंपवावें, आणि पुढच्या वार्षिक सभेपूर्वीं ती भरून घ्यावी. वहीस फार खर्च येत नाहीं.